एमआरटीत दिसलेलं पिस्तूल

तुम्ही हसाल, पण परवा सिंगापुरात हौगांगला जाताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभ्या उभ्या माझी बोबडीच वळली. अमेरिकेतल्या वसंतानं, माझ्या वर्गमित्रानं, बंदुकांच्या दुकानातून व्हिडिओ कॉल केला आणि थेट पिस्तूलच कॅमेऱ्यासमोर धरलं.

“प्रोफेसर, हे मोठं घेऊ की लहान? लहान शर्टाखाली लपतं, पण हाताला धक्का जास्त देतं म्हणे.”

“वसंता, ठेव ते खाली! इथं नुसती गोळी सापडली तरी तुरुंग आहे!”

“अरे, जन्मभर फिजिक्स शिकवलंस ना? मग धक्का कशाचा कमी, ते तूच सांग.”

शिकवलं होतं. पण त्या क्षणी मला फक्त इथं नोकरी करणाऱ्या माझ्या मुलाचा रद्द झालेला वर्क पास दिसत होता. शेजारच्या सीटवरची चिनी आजी माझ्या फोनकडे बघत उठली. आता ही तक्रार करणार!

“अंकल, यू सिट लाह. हँड सो शेकी,” ती आपली सीट दाखवत म्हणाली.

फोनमधून वसंता हळूच म्हणाला, “माझाही हात कापतो रे. म्हणून तर विचारतोय.”