ब्रँच आहे हो ती, वावर नाही!

...नाही, नाव ठेवायला माझी हरकत नाही हो, ठेवा ना! पण कामाचं ठेवा! 'वेळा-दुरुस्ती', 'भोंगा', असं काहीतरी. माणसाचं नाव काऊन? तुम्हाला सांगतो, एकच वाक्य बोलून बोलून घसा बसला माझा: ब्रँच आहे हो ती, वावर नाही!

तुम्ही म्हणाल, ही काय भानगड? तर आमच्या जानेफळात शेतीपंपाची लाईट कधी येणार, ते सांगणारं एक ॲप आम्ही बनवतो. फुकट आणि उघडं! कोड कोणीही घ्यावा, सुधारावा, पुढे द्यावा... स्वातंत्र्य म्हणजे आणखी काय असतं? सुधारणाऱ्यानं मूळ कोडची आपली प्रत काढायची, ती ब्रँच. काम झालं की ती मुळात मिसळायची आणि पुसून टाकायची. इतकं सोपं! पण समजावताना माझ्या तोंडून गेलं, "समजा, हे एक वावर आहे, आणि प्रत्येकाला एकेक तुकडा कसायला दिला..." झालं! सकाळी बघतो तर 'दयारामचं वावर', 'सिंधूताईचा हिस्सा' आणि मोबाईल दुकानवाल्या रंगरावचं 'नाल्याकडचं'. नाल्याकडचं! कोडमध्ये नाला कुठून आला?

बरं, असो म्हटलं. पण तेवढ्यात लाईटच्या वेळा बदलल्या, आणि घरचा हरभरा पाण्यावाचून सुकून राह्यलेला. नव्या वेळा सिंधूताईच्या हिश्शात, लाईट आली की वाजणारा भोंगा दयारामदादांच्या वावरात, ॲपचं मराठी भाषांतर रंगरावच्या नाल्याकडे! मी म्हटलं, मिसळा सगळं, आणि दर बाजाराच्या दिवशी नवी आवृत्ती काढू. जे तयार असेल ते जाईल, राहिलेलं पुढच्या बाजाराला.

दयारामदादा शाळामास्तर. ते गरजले, "वाटनी झाल्यावर कोनी धुरा मोडते का बे?" अहो दादा, कसला धुरा नि कसला बांध, ब्रँच आहे हो ती...! ग्रामपंचायतीचा कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या सिंधूताई म्हणतात, "माह्या वेळा घ्या ना, मी नाही म्हनते का? पन मी त्यायच्या भोंग्यात काऊन जाऊ? त्यायनं यावं माह्याकडे!" आणि रंगराव? "आधी तूर निघू द्या, मंग पाहू." तुरीचा इथे संबंध काय!

शेवटी बाजाराच्या दिवशी तिघांनी आपापली वेगळी आवृत्ती काढली. माझ्या बाबांनी तिन्ही मोबाईलवर घेतल्या. एकीला खरी वेळ माहीत, पण ती वाजत नाही. दुसरी वाजते, पण जुन्या वेळेला. तिसरी शुद्ध मराठीत "वीजप्रवाह सुरू झाला आहे" म्हणते... केव्हाही! बाबा म्हणाले, "तिघायचं झालं. मले काही हिस्सा हाये का नाही, पोरा?"

थकलो हो मी. कोड उघडाच होता. तिघांचंही उचललं, नवी प्रत काढून तिच्यात मिसळलं. कोणाचा धुरा मोडला नाही, म्हणून कोणाची हरकत नाही! भोंगा वाजला, मोटर सुरू झाली, पाणी हरभऱ्याच्या शेवटच्या ओळीपर्यंत पोचलं. आता अख्खं जानेफळ तीच आवृत्ती वापरतं. नाव? बाबा खांद्यावरून बघत उभे... कामाचं नाव कसं ठेवू? ठेवलं 'बाबाचं वावर'.

काल दयारामदादांचा फोन. "तुह्या बाबाच्या वावरात माहा नवा भोंगा टाकतो बे."

आणि तुम्हाला सांगतो, माझ्या तोंडून काय निघावं?

"टाका, दादा... पण धुऱ्याच्या अलीकडे यायचं नाही!"