मास्तरांची फळी

दोन हजार सोळा साल. जानेवारी संपत आलेला, थंडी ऐन भरात — तेव्हापासून ही फळी कर्जासारखी माझ्या डोक्यावर आहे, मास्तर. तेव्हा नको म्हणू नका आणि दारात उभे राहू नका, वारा आत येतो. बसा. त्या खोक्यावर बसा, रोज बसता तसे. काय सांगायला आलात ते मागाहून सांगा. आधी माझं काम होऊ दे.

नवी आहे. तुमची जुनी माझ्या पोरापायी गेली, तिच्याएवढीच आहे — ती अजून मागच्या खोलीत पडली आहे ना, तिच्यावर दोरी धरून माप घेतलं आणि खेळाच्या सामानवाल्याला ती दोरीच नेऊन दिली. तो म्हणतो, काका, ह्याला नंबर असतो. म्हटलं, नंबर तुझ्याकडे ठेव, मला ह्या दोरीएवढी दे. दिली. तुम्ही तिला बोर्ड म्हणा, स्नोबोर्ड म्हणा, माझ्या लेखी बर्फावरून घसरायची फळीच. तुम्ही विमानाने कायमचे चाललात हे कानावर आलं, तेव्हा म्हटलं, द्यायची ती बांधूनच देऊ. नुसती फळी हातात ठेवायला मी काय दुकानदार आहे? मी बांधणारा. उभा जन्म लोकांचं सामान बांधलं — आरसे बांधले, शिलाई मशिनी बांधल्या, एकदा एका बाईचं झुंबर बांधलं, समुद्रापार गेलं, एक लोलक हलला नाही. माझी रीत तुम्हाला ठाऊक आहे. बांधून झालं की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत जमिनीवर टाकायचं. एकदाच. आत काही वाजलं तर सगळं सोडून पहिल्यापासून. नाही वाजलं तर उचला आणि चालू लागा.

तो पेचकस द्या. नको, तो नाही, आखूड. हं. हे पायाचे पट्टे आधी काढायचे. लोक तसेच ठेवतात, वर कपडे कोंबतात, आणि मग विमानातले हमाल त्याच्यावर दुसऱ्याची पेटी आपटतात — पट्टा आत दबतो, फळीला खड्डा पडतो. पट्टे सुटे, त्यांचे स्क्रू ह्या पुडीत, पुडी पट्ट्यालाच चिकटवायची. खिशात ठेवायची नाही. मेण जाड लावून आणलंय मी खालच्या अंगाला, खरवडू नका, तिथे पोचल्यावर खरवडा. घासलं तर मेण घासेल. आणि ह्या कडा — पोलादी आहेत, पिशवी फाडतात. त्यांना ही पाण्याची नळी, उभी चिरलेली. अशी बसवायची. बसली. तुमच्या जुन्या फळीची कड पाहिली होती मी. दाढेतून शीर ओढून काढावी तशी एका बाजूने बाहेर आली होती.

बोलत नाही मी तुमच्या उपकाराबद्दल, असं गल्लीतले म्हणतात. काय बोलू? पोराला फळी शिकवायला वर बर्फात नेलं कोणी? तुम्ही. त्या लाल दोरीच्या पलीकडे जायचं नाही, असं लिहिलेलं आहे, मला वाचता येत नाही धड, पण लाल रंग कळतो — त्या दोरीपलीकडे त्याला नेलं कोणी? तुम्ही. मांडीचं हाड मोडलं, त्याची फळी दरीत गेली, ने-आण करणारा तारेवरचा पाळणा बंद झाला, अंधार पडायला आला. मग खाली आणलं कोणी? तेही तुम्हीच. आपल्या फळीवर त्याला निजवलंत, बांधलंत, आणि दगडांवरून, ओढ्यातून, ओढत आणलंत. फळीची सालटी निघाली. पोराची नाही निघाली. आता ह्याला मी काय म्हणू? हात जोडू की हात उगारू? इतकी वर्षं मला ते ठरवता आलं नाही, म्हणून गप्प आहे. लोकांना काय, लोक तेवढं दुसरं अर्धं सांगतात. चहावाला तर गिऱ्हाइकांना बोट दाखवून सांगतो — तो बघा, त्याच्या पोराला मास्तरांनी वाचवलं. मी दुकानात असतो. ऐकू येतं.

त्याला बांधलंत ती दोरी तुमची होती. गाठ कोणाची होती?

नाही माहीत ना. तुम्हाला वाटलं, पोरगा वेदनेत काहीतरी हाताने चाळा करतोय. निजल्या निजल्या त्याने छातीवरची गाठ स्वतः मारली. ती फळी उलटीपालटी झाली, एकदा पूर्ण पालथी पडली असं तुम्हीच सांगितलंत, तरी तो सुटला नाही. दवाखान्यातल्या बाईला ती गाठ सुटेना, तिने कात्रीने कापली आणि टोपलीत टाकली. मी टोपलीतून उचलली. माझी गाठ आहे ती. ओढाल तितकी घट्ट होते. सुटत नाही, कापावी लागते. ह्या गावात दोघांनाच येते. आणि हाच पोरगा ह्याच मेजापाशी उभा राहून मला म्हणाला होता, लोकांच्या सामानाला गाठी मारत मी नाही मरणार. नाही मेला. पण कधी बोलला का — बाबा, तुमची गाठ मारली होती? तुम्हाला बोलला? मग मला कशाला बोलेल. काठी सोडून पहिल्यांदा चालला तेव्हा कोणाला दाखवायला गेला? तुम्हाला. मला चहावाल्याने सांगितलं. इथे येतो तोही तुम्ही येता म्हणून. संध्याकाळी तुम्ही ह्या खोक्यावर बसलात की तो येणार, त्या उंबऱ्यावर बसणार, तुमच्याशी बोलणार. मी आपला माझं काम करत ऐकतो. तेवढंच ऐकतो.

पिशवी धरा जरा. उभी धरा, तोंड वर. आधी तळाला हा फोम. आता टोकं — फळीचं टोक आधी मरतं, लक्षात ठेवा, कारण पिशवी खाली ठेवणारा नेहमी टोकावरच ठेवतो. टोकाला मऊ लागतं. कागद चालत नाही, कागद दबला की दबला. लोकर चालते. हा स्वेटर. पुढच्या टोकाला हा, मागच्या टोकाला ही दुसरी बंडी, आणि मध्ये पट्ट्यांना हे मोजे.

कोणाचे म्हणजे? पॅकिंगचे आहेत. तिथे पोचलात की काढा.

तुम्हाला नाही होणार, मास्तर, तुमचे खांदे रुंद आहेत. ज्याला होईल त्याला द्या.

काय बघता? बायको विणतेय, पावसाळा संपला तेव्हापासून. मी विचारलं नाही कोणासाठी, तिने सांगितलं नाही. पण माप बघून कळतं ना — डावा खांदा उतरता धरला आहे तिने, तो काठीवर भार देऊन चालायचा तेव्हापासून त्याचा खांदा तसाच आहे. आईला माझ्या आधी माहीत होतं. की तिला त्याने सांगितलं होतं? सांगितलं असेल. मला तर घरच्या माळ्याने सांगितलं. माळ्यावरच्या दोन मोठ्या बॅगा गेल्या, आणि जिथे होत्या तिथली धूळ झाडलेली. चोर झाडून जातो का? सामान उचललं की जागा झाडायची, हे ह्या दुकानात शिकलेला माणूसच करतो. त्या दिवशी कळलं, तोही चालला. आज तुम्ही दारात आलात आणि टोपी हातात धरलीत, तेव्हा नक्की झालं.

थांबा. बोलू नका. त्याने पाठवलंय ना? नुसती मान हलवू नका. पाठवलंय. दोन पायांवर उभा आहे, तोंडात जीभ आहे, आणि बापाला सांगायला माणूस पाठवतो. काय वाटलं त्याला, मी काय करेन? ह्या वयात दार अडवून बसेन? काम काय देणार तिथे? फळ्या दुरुस्त करायच्या, कडा घासायच्या, मेण लावायचं — म्हणजे लोकांच्याच सामानाला हात लावणार. मग इथे काय काटे होते? नाही, तुम्ही सांगू नका. तिथला पगार सांगू नका, तिथले डॉक्टर सांगू नका. चांगलंच असेल. चांगलं नसतं तर तो गेला नसता, त्याची अक्कल माझ्यावर गेली आहे. आणून दिलास तूच आणि आता घेऊन चाललास तूच —

चाललात. तोंडातून गेलं.

ती चेन ओढा. हळू, लोकर अडकेल. आता वरून हे दोन पट्टे, कुलपाचे नाहीत, चापाचे. विमानतळावर उघडून बघतात, कुलूप असलं तर तोडतात, मग माझ्या नावाने शिव्या. दोरी नाही मारत तुमच्या सामानाला. मी मारली तर मला गाठ एकच येते, आणि ती काही तुम्हाला सुटायची नाही. पत्ता आतही ठेवलाय आणि बाहेरही. तिथला. तुमच्या सामानवाल्या दोस्ताकडून लिहून घेतला. बरोबर आहे का बघा. बरोबर आहे ना? त्याने मला दोनदा वाचून दाखवला. मी पाठ केलाय.

पाकीट आत ठेवा. मास्तर, पाकीट आत ठेवा म्हटलं ना. तुमच्याकडून मी घेत नसतो, आणि आज तर नाहीच.

सरका. पाय बाजूला घ्या. टाकतो.

ऐका.

नाही वाजलं काही. की वाजलं? मला वाटलं, आत काहीतरी हललं. थांबा, उचलू नका. ह्या वयात कानाचा भरवसा नाही. आणखी एकदा टाकतो.

नाही.

नाही वाजलं.

तुम्ही मुलगा आणलात, त्यात तुमची फळी गेली. ही फळी. फिटलं. उचला, मास्तर, आणि जाताना दार ओढून घ्या.