लाखाच्या वर

—नको, ती टोपली आत आणू नकोस, पाद्रीणबाई, उंबऱ्यावरच थांब. ईस्टरच्या चीजपुऱ्या, लाल अंडी, तेलाचा डबा – दरवर्षी येते चर्चकडून, गरीब विधवेला – पण यंदा तुला धाडलं कुणी? शेजारच्या एलेनित्सानं ना? आणि धाडताना तोंडावर हात धरून हसत होती ना? हसणारच! तू गावात नवीन, तुला काय ठाऊक. उभ्या उभ्या एक गोष्ट ऐक.

एक होतं गाव, गावात होती एक विधवा आणि तिचा एकुलता एक लेक, चारिलाओस. तिच्या बापानं वाटणी केली तेव्हा चांगली जमीन भावांना दिली, हिच्या पदरी समुद्राकाठची खारट पट्टी – शेळीसुद्धा तोंड लावायची नाही! आपल्या सायप्रसात पोरींच्या वाट्याला तेच. पण पुढं तिथं हॉटेलवाले आले गं, आणि हिनं विकली. गावाला सांगितलं, कवडीमोलानं गेली. पैसा बँकेत, अंगावर तोच विटका काळा झगा. का? दृष्ट लागेल म्हणून, भाऊ हक्क सांगतील म्हणून – आणि मग सवयच लागली, खोटं कशाला बोलू! लेक म्हणाला, "आई, गॅरेज काढतो, थोडे दे." मी खिसे उलटे करून दाखवले – म्हणजे तिनं, तिनं दाखवले. तो गेला लंडनला, दुसऱ्याच्या गॅरेजात हात काळे करायला.

मग बँका बुडाल्या. दारं बंद. वरून युरोपच्या मोठ्या लोकांचा हुकूम – बँक वाचवायची तर ठेवीदारांच्याच खिशातून. सगळं गाव बँकेच्या पायऱ्यांवर, बायका मयताला रडावं तशा रडतायत, मीही रडतेय. तेवढ्यात कारकून बाहेर येऊन ओरडला, "उगी राहा गं आज्यांनो! लाख युरोच्या आत असेल त्याला कुणी हात लावणार नाही, वरचं तेवढं जाणार!" झालं, बायकांनी छातीवर क्रूस काढले, डोळे पुसले, हसायला लागल्या. मी एकटीच रडत राहिले. थांबताच येईना गं! एकेक करून सगळ्या वळून बघायला लागल्या. एलेनित्सा म्हणाली, "अगं बाई, हिचं अजून कोण मेलं?" – आणि जुने पाद्रीबाबा, जे स्वतः टोपली उचलून माझ्या दारी आणायचे, त्यांनी मान खाली घातली. ती मान गं... पैसे गेले त्याचं एवढं नाही. गेलं ते वरचं, खालचे लाख आहेत की अजून – हे तू ऐकलं नाहीस हं!

काल लंडनहून फोन. बातमी पोचलीच म्हणायची. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. म्हणाला, "आई, होते तर?" म्हटलं, "होते. आहेत. चौकातली जागा बघितलीय, तुझ्या गॅरेजाला." पलीकडं बायकोला हाक मारलेली ऐकू आली. मग म्हणाला, "शनिवारच्या विमानानं येतो. बायकोपोरांना घेऊन. परत जायचं नाही." – अगं, तू का रडतेस? पूस ते डोळे. जा आता, जा, खाटा बाहेर काढायच्यात मला.