उद्यापन लांबलं त्याची गोष्ट

नाही, तुम्हीच सांगा, व्रत कुणाचं? माझं. मग त्याचं उद्यापन कधी करायचं हे यांनी ठरवायचं? चातुर्मास संपला, जेवायला मेहूण सांगून झालं, पुरणाची डाळ शिजली, आणि हे म्हणतात, "अगं, घाई काय आहे?" ज्या माणसानं जन्मभर एका हातानं नमस्कार आणि दुसऱ्या हातानं बूट चढवत कंपनीची बस गाठली, तो मला उद्यापन शिकवतोय...

त्याचं असं झालं. चाकणच्या कंपनीतून हे रिटायर झाले आणि खुर्चीत बसले. बसले म्हणजे बसलेच. सकाळी गॅलरीतली खुर्ची, संध्याकाळी हॉलमधली. जरा खाली चला म्हटलं की, "आता काय बघायचं राहिलंय?" माणूस असा बसल्या बसल्या विझतो, माझे थोरले दीर तसेच गेले.

त्यात आषाढी आली. दर चातुर्मासात मी काहीतरी सोडते. वांगं सोडलं, साखर सोडली, चहा सोडला, तेव्हा तर अख्ख्या घरानं मला हात जोडले की बाई, चहा पी. यंदा सोडायला काही उरेना. आमची करिष्मा, सूनबाई, म्हणाली, "आई, दर वर्षी सोडता, यंदा काहीतरी धरा की." मला पटलं. हातावर पाणी घेतलं आणि संकल्प सोडला, की दर गुरुवारी जन्मात न केलेली एक गोष्ट करीन. आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, 'उभयतां'!

"मला न विचारता?" हे म्हणाले.

"देवाला सांगितलंय, आता बदलता येत नाही."

व्रत मोडलं तर मी निर्जळी धरते हे यांना ठाऊक. मागच्या वेळी मी चक्कर येऊन पडले, तेव्हा यांना स्वतः भात लावावा लागला होता. उठले बिचारे.

पहिल्या गुरुवारी मेट्रोनं निघालो. कासारवाडीला उतरायचं होतं, हे दारातच उभे राहून दार बंद कसं होतं ते बघत बसले, पार पुढे गेलो. आणि आश्विनात, ऐका, आमच्या मोशीच्या सोसायटीतला पोहायचा तलाव. मी नखशिखांत काळ्या कपड्यात. शेजारच्या मंजुळाबाई वरून म्हणतात, "काय हो, गुरुवारचा उपास ना? पाणी चालतं वाटतं?" शिकवायला दिव्या नावाची पोरगी. "आजोबा, तोंड पाण्यात घाला."

"मी प्रेस शॉपचा फोरमन होतो."

"हो आजोबा. तोंड पाण्यात."

घातलं. फुर्रर्र करून वर आले ते इतके हसत, की तसं हसू मी आमच्या लग्नानंतर मोशीच्या जत्रेत पाहिलं होतं, त्यानंतर थेट आता. आणि माझं म्हणाल तर, मी पाठीवर तरंगले. वर नुसतं आभाळ, कान पाण्यात, आणि मोहरीचा डबा कुठाय हे विचारणारं कुणी नाही... देव असाच भेटत असेल, म्हटलं.

पण व्रत कुणाचं? माझं. माझे गुडघे बोलायला लागले, आणि यांना मात्र गुरुवार पुरेना. सोमवारी उर्दू शिकतात, मला 'मोहतरमा' म्हणतात, शनिवारी लहान पोरांबरोबर स्केटिंग. खुर्चीवर मी वाळवणं घालते. म्हणून म्हटलं, देवा, पावलास, आता आटपू या.

तर आज सकाळी देवघरात कोण? हे. आंघोळ करून, हातावर पाणी घेऊन. पुटपुटणं मला स्वयंपाकघरात ऐकू आलं, "अजून एक वर्ष..." आणि पुढे, चांगलं ठासून, "उभयतां."

"अहो, मला न विचारता?"

"देवाला सांगितलंय मोहतरमा, आता बदलता येत नाही."

मेहुणाला फोन करून पुढच्या वर्षी या म्हणून सांगितलं. पुरणाच्या डाळीची आमटी केली. येत्या गुरुवारी ढोलपथकात नाव घालायचंय म्हणे. एक ढोल यांच्या कमरेला... आणि एक कुणाच्या, ते तुम्हाला कळलंच असेल.