कपावरचा हात

—नाही हो काकू, भिंत चुकली नाही तुमची. ऊर्मिलानं काढलेला फोटो इथंच होता, या रिकाम्या खिळ्यावर. सकाळी उतरवला. इथं जर्मनीत नियम असा — फोटोत माणूस असला की त्याच्या सहीची संमती हवी, आइनविलिगुंग. तिच्या फोटोतल्या क्राउजंबाईंचा कागद फाइलमध्ये नव्हता. बाई मुलीकडे गेल्यात, फोन उचलत नाहीत, आणि उद्या प्रदर्शन संपतंय. ऊर्मिला वर ऑफिसात विनवण्या करतेय. इथं आता माझा फोटो लागेल. मी मागितला नव्हता हं — विचारलं, तेव्हा नाही म्हटलं नाही, एवढंच.

तुम्ही पुण्याहून लेकीचा फोटो बघायला आलात, वाईट वाटणारच. पण मूळ कल्पना कुणाची? माझी. ड्रेस्डेनला येणारी माणसं गाडीतून रुळांकाठची घरं बघतात, निम्मा सेकंद — ती घरं आतून दाखवायची, तिथलं रोजचं जगणं. दारोदार बेल मी वाजवली, बोलायचो मी. ऊर्मिलाचं जर्मन दूध-पाव आणण्यापुरतं. कॅमेरासुद्धा माझाच, जुना, तिला दिलेला. मी क्राउजंबाईंना उजेडाकडे तोंड करून बसवतोय, आणि ही काय करते? बोलता येईना, म्हणून त्यांच्याबरोबर बटाटे सोलत बसली. बटाटे, काकू!

गाडी आली की बाई बोलता बोलता थांबायच्या आणि कपावर हात धरायच्या. पूर्वी कोळशाच्या इंजिनाची काजळी कॉफीत पडायची ना — इंजिनं जाऊन चाळीस वर्षं झाली, हात अजून जातोच. मी समोर बसून चारशे फोटो काढले. चारशे. मला तो हात दिसला नाही. हिनं सुरी खाली ठेवली, एकच काढला, परत सोलायला लागली. काल उद्घाटनाला सगळे त्या एका फोटोपुढं उभे. माझ्या नऊ फोटोंसमोर लोक वाइनचे ग्लास ठेवायला जागा शोधत होते. फाइल आज सकाळी द्यायची होती — दिली मी.

बाईंचा जीवही तिच्यावरच. माझ्या शुद्ध जर्मनला नुसतं ‘या, या’ — म्हणजे हो, हो. सही करतानाही — पेन माझं, कागद मी धरलेला, आणि बघतायत हिच्याकडे — तेवढ्यात मालगाडी आली, टेबल हाललं, शेवटचं अक्षर घसरत पार कागदाच्या कडेपर्यंत गेलं, दोघी लहान मुलींसारख्या हसत सुटल्या, मी आपला कागदाची घडी घालून—

बॅगेकडे काय बघताय? लेन्स आहेत त्यात.

काकू, ती बघा, ऊर्मिला जिना उतरतेय. तुम्ही तिच्याकडे जा. जा ना.