गिनी कोंबडी काय म्हणाली

मी कुणाचं काय वाकडं केलंय, तुमीच सांगा. आटपाडीला आमच्या रानात साप लय, म्हणून दोन गिनी कोंबड्या आणल्या. पाखरू मूळचं आफ्रिकेचं, पण साप दिसला की वरडून गाव गोळा करतं. आता तिचं वरडणंच 'टक-ला, टक-ला' असं हाय, त्याला मी काय करू?

शेजारचे तात्या फौजेतनं सुभेदार होऊन आलेले, डोक्यावर एक केस न्हाई. बांधावर येऊन म्हणाले, "हे तू शिकवलंयस."

"आवं तात्या, कोंबडी हाय ती, पोपट न्हाई."

ऐकतंय कोण? थेट तंटामुक्ती समितीकडं अर्ज. मी डालग्यात कोंबडी घालून हजर झालो. अध्यक्ष भला माणूस. म्हणाले, "पाखराला कुठं माणसाचं बोलणं येतंय? अर्ज निकालात काढतो. पण एकदा ऐकू तर दे."

मी डालगं उघडलं. लय उकडत होतं. अध्यक्षांनी टोपी काढली आणि घाम पुसला. कोंबडीनं मान वर करून त्यांच्याकडं बघितलं आणि सुरू झाली, "टक-ला, टक-ला."

अध्यक्षांनी सावकाश टोपी घातली. म्हणाले, "हे शिकवल्याशिवाय येत न्हाई."