पुलापलीकडचं पिस्तूल

“हॅलो?… डोलोरेस? पोचलीस का गं?… पंक्चर? कुठं?”

बर्नडीननं शेगडी मंद केली. ती पेन्सिल्व्हेनियात, आपल्या स्वयंपाकघरात. धाकटी बहीण नदीवरचा पूल ओलांडून न्यू जर्सीत, रस्त्याच्या कडेला. भाचीच्या डोहाळजेवणाला उशीर होणार आणि बटाट्याचं सॅलड उन्हात नासणार, हे डोलोरेस पुन्हा पुन्हा सांगत होती.

“हो, हो… सॅलड गेलं खड्ड्यात. अगं ऐक ना. पर्स कुठाय तुझी?… आणि पर्समधलं?… म्हणजे नेलंस. डोहाळजेवणाला पिस्तूल.”

डोलोरेसचं म्हणणं, नवरा गेल्यापासून ती ते चर्चमध्येसुद्धा नेते, आणि लपवून बाळगायचा रीतसर परवाना आहे.

“आहे ना, पण पेन्सिल्व्हेनियाचा. नदीपलीकडे राज्य वेगळं, कायदा वेगळा; तिथं तो चालत नाही… गाडीचा चालतो, हो. लग्नाचा दाखलाही चालतो. हा नाही… कायदा मी केला का?… तुरुंग. दंड नव्हे, तुरुंग… नाही गं, विधवांना सूट नाही.”

स्वसंरक्षणाचा हक्क काय पुलाच्या मध्यावर संपतो का, असं डोलोरेसनं विचारलं. प्रश्न रास्त होता. बर्नडीनला त्याचाच राग आला.

“हो, बरोबर मध्यावर. आता मुकाट्यानं गोळ्या काढ, सगळं डिकीत टाक, कुलूप लाव… डिकीत काय आहे?… मग भेटीचा पाळणा पुढच्या सीटवर घे… गोळ्या कशा काढायच्या तेच विसरलीस? मग चार वर्षं पर्समध्ये काय वागवत होतीस?… कोण थांबलं?… मदतीला? गणवेश आहे का त्याला?”

बर्नडीन स्टुलावर बसली.

“ऐक. टायर दाखव, हस, सॅलड दे हवं तर. विचारल्याशिवाय अवाक्षर बोलू नकोस.”

पण पेन्सिल्व्हेनियात बंदूक शिकवायच्या वर्गात एक सभ्यता घोटून घेतात: पोलीस दिसला, की हात स्टिअरिंगवर आणि जे आहे ते आपणहून सांगून टाकायचं. डोलोरेस त्या वर्गात पहिली आली होती.

“डोलोरेस, तोंड मीट… परवाना आत ठेव… फोटो बरा आलाय म्हणून काय दाखवतेस?… काय म्हणतोय तो?… दोन्ही हात वर? मग फोन कुणी धरलाय—”

फोन डांबरावर आपटला.